सुलभा मॅडमनी दाखवलेली किडनी

सुलभा मॅडम पक्क्या शाकाहारी. पण सकाळी वर्ध्यालगतच्या पिपरी मेघेतल्या मटणाच्या दुकानापुढे त्यांची स्कूटर उभी दिसायची. बकऱ्याचे ताजे गुर्दे, म्हणजे किडन्या, त्याही नळ्या लांब ठेवून कापलेल्या, त्यांना हव्या असत. यांच्या घरी गुर्द्याचे मोठे शौकीन असावेत, असं दुकानदाराला वाटे. एकदा त्यानं विचारलंच. मॅडम म्हणाल्या, "खात नाई जी. धुते."

आणि ते खरंच होतं. आमच्या प्रयोगशाळेत गुर्द्याच्या धमनीत बारीक नळी बसवून त्यातून साबणासारखं द्रावण संथ सोडत. पेशी विरघळून वाहून जात, लाली उतरत जाई, आणि मागे उरे पांढुरका, आरपार दिसणारा सांगाडा. आकार तोच, रक्ताच्या वाटाही त्याच. त्यात माणसाच्या पेशी रुजवून कधीतरी चालती किडनी तयार करायची, हा मॅडमचा ध्यास. एम.एस्सी. करून मी त्यांच्या हाताखाली लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी असा एक सांगाडा माझ्या ओंजळीत ठेवला. माझे हात आखडले. "मेलेलं समजून धरू नको," त्या म्हणाल्या, "झोपलेलं लेकरू धरते तसं धर."

व्याख्यानात त्या शुद्ध पुस्तकी बोलत. पण पेशी मेल्या, महिन्यांची मेहनत फुकट गेली, की त्यांच्या गावची, अल्लीपूरची बोली बाहेर येई. "जाऊ दे. पुन्हा करू. आपल्याले कुठं गाडी पकडाची आहे?"

मग त्यांच्या थोरल्या भावाच्या, वसंतदादांच्या, दोन्ही किडन्या निकामी झाल्या. दादा अल्लीपूरला शेती करत. डायलिसिससाठी एसटीनं वर्ध्याला येऊ लागले. मॅडमना मधुमेह, त्यामुळे त्यांची किडनी चालणार नव्हती. वहिनींची जुळली. त्या तयार होत्या; अडून बसले ते दादा. "तिचं पोट काऊन फाडाचं?" ते गावात सांगत, "माही बहीण नवी किडनी बनवून राह्यली."

दिवसेंदिवस दादा खंगत चालले. मॅडमनी फोनवर पुष्कळ समजावलं. ते हसून म्हणत, "तू बनव ना सुलू, मी थांबतो."

शेवटी मॅडमनी त्यांना वहिनींसह प्रयोगशाळेतच बोलावलं. त्या वेळी आमच्याकडे पेशी बऱ्यापैकी रुजलेली एक किडनी होती, आजवरची सगळ्यात चांगली. मॅडमनी तीच काढायला सांगितली. मी हळूच म्हटलं, "मॅडम, दुसरी घेऊ या का?"

"हीच," त्या म्हणाल्या.

दादांना समोर बसवून त्यांनी तिच्यात रक्त सोडलं. पांढरेपणात गुलाबी रेषा पसरत गेल्या. दादांचा चेहरा उजळला. थोड्या वेळानं रेषा काळपट पडल्या, दुसऱ्या टोकानं ठिबकणारे थेंब थांबले.

"काय झालं?" दादांनी विचारलं.

"गोठलं. नळ्यांच्या आतलं अस्तर नीट धरलं नाई, म्हनून रक्त गोठते. याच्यापेक्षा चांगलं आम्हाले अजून जमलं नाई, दादा."

"अजून थोडे दिवस केलं तर?"

"करीन. जलमभर करीन. पन तुह्या कामी येनार नाई." मॅडम म्हणाल्या. "माह्यावर एवढा भरोसा नको ठेवू. वहिनीची घे."

दादांनी वाकून त्या काळपट किडनीकडे पाहिलं. मग उठले, मॅडमच्या डोक्यावर हात ठेवला आणि वहिनींना म्हणाले, "चाल, नागपूरले कवा जाचं ते डॉक्टरले विचारू."

शस्त्रक्रिया नीट पार पडली. मॅडम नागपूरहून परत आल्या, पण सकाळभर त्यांनी कशाला हात लावला नाही. हे काम आता त्या आवरतील, असं मला वाटलं. जेवायच्या सुट्टीत त्यांनी सांगितलं, की वहिनींना कूस वळवता येत नव्हती, तरी त्यांनी मॅडमचा हात धरून ठेवला होता. "ताई, तुमचं काम सोडू नका," वहिनी म्हणाल्या, "लय दुखून राह्यलं मले. पुढच्या बाईले हे नको." एवढं सांगून मॅडम डबा तसाच ठेवून उठल्या आणि हात धुऊन कामाला लागल्या.

मॅडम गेल्या वर्षी गेल्या, हृदयविकारानं, अचानक. प्रयोगशाळा आता मी पाहते. रक्त अजून गोठतं. पूर्वीपेक्षा उशिरा गोठतं, एवढंच. अल्लीपूरहून वहिनींचा अधूनमधून फोन येतो. दादांची खुशाली सांगून झाली की त्या विचारतात, "कुठवर आलं, बाई?"

मी खरं तेवढंच सांगते.