मागं कोण बसतं?

भोरच्या अलीकडं रस्त्याला लागून एका मेकॅनिकचं पत्र्याचं शेड आहे. गाडीचे पिवळे दिवे काढून पांढरं एलईडी किट बसवायला लोक त्याच्याकडेच येतात. बोलणं जेवढ्यास तेवढं. चहासुद्धा पाठमोरा पितो.

किट बसलं की गाडी भिंतीकडे तोंड करून लावतो आणि विचारतो, "मागं कोण बसतं?" मागं माणसं बसली की गाडीचं नाक वर होतं आणि उजेड समोरच्याच्या डोळ्यांत जातो. घरची माणसं सोबत नसली, तर त्यांच्या जागी वाळूची दोन पोती बसवून तो फोकस खाली आणतो, मग पोती उतरवतो. उजेड वरच ठेव म्हणणाऱ्याशी वाद घालत नाही. सरळ किट काढायला लागतो.

त्याच्या स्वतःच्या जीपमध्ये मात्र तसलीच दोन पोती कायम असतात. एकदा मी म्हणालो, "पोती राहिली की मागं."

"राहूंद्या. रिकामी गाडी लई आदळती."

यंदा मीही त्याच्याकडून किट बसवून घेतलं.

"मागं कोण बसतं?"

"आता कोणी नाही."

तो पाना हातात धरून उभाच राहिला. मग, गरज नसताना, पोती आणून मागच्या सीटवर बसवली, फोकस लावला, दार लोटलं आणि म्हणाला, "झालं. निघा."

पोती आतच होती. मी तशीच गाडी काढली.

आंबवड्याच्या वळणावर आरशात पाहिलं. दोन्ही नीट टेकून बसली होती.