काळ्या फळीचा झोका

रेल्वेच्या रुळांखालच्या जुन्या लाकडी स्लीपरची फळी कापून तिचा झोका करायचा, आणि लग्नानंतर पहिल्यांदा आखाजीला आलेली लेक भर उन्हात त्यावर बसवायची. हा शहाणपणा अख्ख्या सुरतेत मी एकटीने केलाय. आज माझी नात विचारते, "आजी, तुला कोणी अडवलं नाही का?" अडवणार कोण? अडवणाऱ्याला मी उभं तरी केलं असतं का?

आम्ही सुरतेतल्या लिंबायतचे, मूळ खानदेशचे. आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात. त्या दिवशी लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. गावाकडे झोक्याला निंबाची फांदी असायची. लिंबायतच्या गल्लीत फांदी कुठून आणणार? इथे कापडाच्या लूमची खडखड आणि लोखंडी अँगल. त्या अँगललाच झोका टांगायचा.

आमच्या समोरच माझी मोठी जाऊ राहायची. तिच्या ओट्यावर सागवानी झोका, पितळी कड्या, गुजराती शेठाच्या घरात असतो तसा. आखाजीला सगळी गल्ली तिच्याकडे. बाया तिच्याकडे, गाणी तिच्याकडे, सांजोऱ्यांचं ताटही तिच्याकडे. आणि माझी पोर? शाळेतून आली की दप्तर माझ्या घरात, पाय तिच्या झोक्यावर. तिला म्हणायची 'मोठी माय'. ती मोठी, मग मी कोण, चिल्लर?

एकदा मीही आंब्याच्या लाकडाचा झोका टांगला होता. पावसाळा सरेपर्यंत वाळवीने आतून पोखरला. मी बसले आणि फळीसकट खाली! जाऊ समोरून म्हणाली, "लागलं का व? ये, माझ्याकडे बस." साधं बोलली बिचारी. मला मात्र ते पाठीत कोपर मारल्यासारखं लागलं. लेकीचं लग्न ठरलं त्या दिवशीच मी मनाशी पक्कं केलं, पहिल्या आखाजीला ती माझ्या दारात झोका घेईल. गाणी माझ्या ओट्यावर होतील. जाऊबाईने समोरून बघत बसावं.

तेव्हा रुळांखालची लाकडं काढून सिमेंटची घालायचं काम चाललं होतं. लाकडाच्या वखारीत जुन्या स्लीपरची थप्पी लागलेली. वर्षानुवर्षं पावसात पडलेली, रेल्वे अंगावर घेतलेली लाकडं, तरी वाळवीचा दात कुठे नाही. मला हेच पाहिजे होतं. मिस्त्रीने फळी कापताना नाकातोंडाला रुमाल बांधला, बाह्या मनगटापर्यंत ओढल्या. मला वाटलं, काय नाजूक मिस्त्री! विचारलंसुद्धा, "भाई, नवरी आहेस का रे, तोंड झाकायला?" तो हसला नाही. मला तेवढ्यावरून कळायला हवं होतं.

फळीला वास असा, की रस्त्यावर डांबर ओततात ना, तो. मी म्हटलं, रंग दिला की जाईल. लाल ऑइलपेंट आणला. एक हात दिला, सकाळी त्यातून तपकिरी डाग वर आलेले. दुसरा हात दिला, डाग परत हजर. जणू ती फळी आतून मला म्हणत होती, बाई, मी काळीच आहे. मी ऐकते कशाला? तिसरा हात मारला.

आखाजीच्या दुपारी लेक आली, सासरची पोपटी साडी नेसून. जाऊने गल्ली ओलांडून येत म्हटलं, "फळीवर गोधडी टाक व, नवी साडी आहे पोरीची."

"का? माझी लाल फळी बघवत नाही?" मी.

ती आपल्या ओट्यावर परत गेली. मी जिंकले! बाया माझ्याकडे जमल्या, लेक फळीवर मांडी घालून बसली, गाणं सुरू झालं. मी गात नव्हते. मी समोर बघत होते, जाऊचा रिकामा झोका. पुरणपोळीपेक्षा गोड लागला मला तो.

उन्हाने फळीला घाम फुटला. काळा, चिकट घाम. लेक एकदम म्हणाली, "आई, पाय चुणचुणतायत." मी म्हटलं, "हो गं, अजून एक झोका घे." एक बाई हसली, मग दुसरी. लेक उठली तर पोपटी साडीवर मागे सगळा काळा पट्टा, आणि पोटऱ्या मिरची चोळल्यासारख्या लाल. उन्हात उभी राहिली तर आग आणखी वाढली. ती रडायला लागली. गाणं थांबलं.

फळीतून पाझरलेलं ते तेल कसलं, हे मला परवा कळलं. नातीने मोबाइलवर वाचून दाखवलं: क्रिओसोट, दगडी कोळशाच्या डांबरातून काढतात, लाकडाला पाजतात, किडा मरतो, बुरशी मरते, माणसाच्या कातडीलाही घातक, कर्करोगसुद्धा होऊ शकतो. "विष आहे गं हे, आजी," ती म्हणाली. मी म्हटलं, "तेव्हा तुझी आजी त्याच्याहून जास्त विषारी होती. वाळवी माझ्याही जवळ आली नसती."

त्या दुपारी मी नुसती उभी. जाऊच धावत आली. लेकीला सावलीत, माझ्याच घरात नेलं, साबण लावून लावून पाय धुतले, खोबरेल लावलं, स्वतःची मऊ जुनी साडी नेसवली. लेक तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. अशा वेळीसुद्धा मला काय वाटलं असेल? की डोकं माझ्या मांडीवर का नाही!

बाया पांगल्या. मी स्वयंपाकघराच्या दारात तोंड पाडून बसले. जाऊने लेकीचं डोकं हळूच उशीवर ठेवलं, माझ्याजवळ आली, काळे झालेले हात पदराला पुसले आणि म्हणाली, "मागितला असतास तर माझा झोका मी स्वतः उतरवून तुझ्या दारात टांगला असता. पण तुला झोका कुठे पाहिजे होता व माय, मी तुझ्याकडे बसायला आलेली पाहिजे होती. आले बघ. आता चहा टाक, आणि साखर कमी घालू नको."