टेबलाखालचा पाटीचा तुकडा

लोणावळ्याजवळच्या एका क्षयाच्या आरोग्यधामात मी तरुणपणी रक्त तपासायचो. आता पन्नाशीला आलो. तिथं जे घडलं, ते घरातसुद्धा कुणाला सांगितलेलं नाही.

तपासणी साधी. रक्त काचेच्या बारीक नळीत भरायचं, नळी टेबलावरच्या स्टँडला उभी करायची आणि तासाभरात तांबडा भाग किती खाली बसला ते वाचायचं. अंगात आजार असला की रक्तातली काही प्रथिनं वाढतात, तांबड्या पेशी एकमेकींना चिकटतात आणि भराभर खाली बसतात. नळी मात्र तिरकी नको. तिरक्या नळीत चांगल्या माणसाचं रक्तही झपाट्याने बसतं. आमच्या खोलीची जमीन शेणाने सारवलेली, उंचसखल. म्हणून टेबलाच्या एका पायाखाली मी फुटक्या पाटीचा तुकडा सरकवला होता.

लोहगडवाडीची एक बाई वर्षभर आमच्याकडे होती. ताप गेला, वजन भरलं. या खेपेला रक्त नीट आलं की घरी सोडायचं ठरलं होतं. आणि नेमकं ते मागच्या महिन्याच्या दुप्पट बसलं.

नवरा तिला न्यायला आला होता. "आवणी तोंडावर आलीया, डाक्टर. भात लावायला घरात बाईमाणूस न्हाई. आज धाडा, न्हाईतर मला दुसरी आणावी लागंल."

"आण की. मग तिलाही इथंच पाठव," डॉक्टर म्हणाले. "रक्त खोटं बोलत नाही. अजून एक महिना."

बाई माझ्याकडे वळली. "भाऊ, येक डाव परत बगा की. मला काय बी व्हत न्हाई आता."

"महिन्यातनं एकदाच बघतात," मी म्हणालो. नियमच होता तसा.

दुसऱ्या दिवशी टेबलावरून पेन्सिल घरंगळली. वाकून बघतो तर पाटीचा तुकडा भिंतीशी पडलेला. आदल्या सकाळी सारवण वाळल्यावर टेबल मीच जागेवर ठेवलं होतं, तुकडा विसरून.

डॉक्टरांच्या दारापर्यंत दोनदा गेलो. नोकरी कायम होऊन आठवडा झाला होता. दोन्ही वेळा परत फिरलो. टेबलावर चिडलो, त्या जमिनीवर चिडलो, डॉक्टरांवर चिडलो. ती रोज विचारायची आणि मी रोज तिच्यावरच खेकसायचो. मला सगळ्यात जास्त लागतं ते हे.

महिन्याने रक्त अगदी ठीक बसलं. "विश्रांतीचा गुण," डॉक्टर म्हणाले. तोवर नवऱ्याने एका विधवेशी पाट लावला होता. आवणी तिनेच उरकली. हिला न्यायला कुणी आलं नाही.

डॉक्टरांनी हिला तिथंच सारवणाच्या कामावर ठेवलं. मी एवढंच सांगितलं, टेबल परत ठेवताना तो तुकडा पायाखाली घालत जा. का, ते तिनं विचारलं नाही. पुढं मी नोकरी सोडेपर्यंत, दर खेपेला सारवून झालं की ती दाराशी येऊन सांगायची, "भाऊ, पाटी ठेवलीया बगा जाग्यावर."

मी मान वर न करता "बरं" म्हणायचो.