सरकारचं नाक

माझ्या मावशीला बेकरीत सगळे 'सरकार' म्हणतात, अगदी तोंडावरसुद्धा. तिला ते आवडत नाही असं ती म्हणते. पण एखादा नवा कामगार चुकून 'बाई' म्हणाला, की दिवसभर त्याच्या प्रत्येक पावात खोट निघते. मी तिची भाची. आई गेल्यापासून तिच्याच घरात वाढले आणि आता तिच्याच काउंटरवर उभी असते. त्यामुळे मी तिच्याबद्दल वाटेल ते बोलू शकते. दुसऱ्या कोणी बोलून तर पाहावं!

आमच्या पावात बाजारातलं यीस्ट पडत नाही. माझ्या आजीच्या हातचं खमीर आहे आमच्याकडे. म्हणजे पीठ आणि पाणी आंबवून जिवंत ठेवलेलं. रोज त्यातलं थोडं वापरायचं, रोज तितकंच ताजं पीठ घालायचं. सकाळचं पहिलं काम ठरलेलं. सगळे टेबलाभोवती उभे राहतात, सरकार पांढरा डबा उघडते, डोळे मिटून नाक आत घालते आणि निकाल देते, "जमलंय," किंवा "अजून झोपलंय." मग पाणी किती, भट्टी कधी पेटवायची, सगळं त्या वासावर. बघत बसलं की माणूस बुडबुड्यांना भुलतो म्हणे, म्हणून डोळे मिटायचे.

तर आमचे पाव बिघडायला लागले. कधी आंबटढाण, कधी दगड. सरकारने पिठाच्या व्यापाऱ्याला असा झाडला की तो बिचारा पुन्हा फिरकला नाही. दुसरा व्यापारी आला, पाव तसेच. ती प्रत्येक पावावर पात्याने गव्हाच्या कणसाची नक्षी कोरते, ती नक्षी वाकडी यायला लागली. पात्याला धार नाही, म्हणाली. नवं पातं आणलं. कणीस वाकडंच.

मग एके दिवशी ती स्टुलावर टेकली होती, उजवा हात मांडीवर होता, आणि तो हात आपला आपण हलत होता. अंगठा आणि बोट एकमेकांवर घासत होते, पिठाची गोळी वळावी तसे. हातात पीठ नव्हतं.

तिला दवाखान्यात न्यायला मला काय काय करावं लागलं ते विचारू नका. मेंदूच्या डॉक्टरीणबाई वयाने लहान, बोलायला गोड, पण मागे हटणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी तिला चालायला लावलं, बोटं आपटायला लावली आणि मग विचारलं, "पोट साफ होतं का?"

"हात दाखवायला आलेय मी," मावशी म्हणाली. "पोटाचं काय मधेच?"

"होत नाही," मी म्हणाले. "कित्येक वर्षं. सकाळी आमच्या घरात बाथरूमसाठी रांग लागते, ती हिच्यामुळे."

मावशीने माझ्याकडे असं पाहिलं की मी खुर्ची जरा लांब सरकवली.

डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं, पार्किन्सन्स आहे. मेंदूतल्या काही पेशी हळूहळू मरतात, हालचालींचा ताबा सुटत जातो. पण बऱ्याच जणांत हात थरथरायच्या कितीतरी आधी पोट अडतं आणि वास जातो. आतड्यातून मेंदूपर्यंत जाणारी एक मोठी नस असते, काहींच्या बाबतीत बिघाड तिथूनच वर चढत असावा, अशी शंका आहे. अशा लोकांच्या पोटातले जंतूही वेगळे आढळतात. आधी जंतू बदलतात की आधी आजार येतो, हे अजून कळलेलं नाही. त्यावरच त्यांचा अभ्यास चालला होता.

"गोळ्या आणि व्यायाम सुरू केलात तर हात बराच आवरेल," त्या म्हणाल्या. "बेकरी सोडायची गरज नाही."

"सोडतंय कोण! मला काही झालेलंच नाही."

बाईंनी वास ओळखायचं कार्ड पुढे केलं. खरवडायचं, हुंगायचं, सांगायचं. मावशीने ते दोन बोटांनी परत सरकवलं. "माझं सगळं आयुष्य या नाकावर चाललंय. मला वासाची परीक्षा?"

गोळ्यांचा कागद तिने पर्समध्ये चुरगळून टाकला. कबूल केली ती एकच गोष्ट, अभ्यासासाठी शौचाचा नमुना द्यायची. "न्या, तपासा. खोट सापडली तर बोला माझ्याशी." त्या तपासणीवरून आजार आहे की नाही ते ठरत नाही, असं बाईंनी बजावलं. पण सरकारने ऐकायचं तेवढंच ऐकलं होतं.

घरी आमचं कडाक्याचं भांडण झालं. मला भीती होती ती हाताची. गरम भट्टी, धारदार पातं, आणि औषधाविना दिवसेंदिवस हट्टी होत जाणारा तो हात. एखाद्या दिवशी काहीतरी होणार आणि तिला टेबलावरून कायमचं उठावं लागणार. आणि टेबलावरून उठलेली मावशी मला नुसती डोळ्यांपुढे आणतासुद्धा येईना. ती मात्र शांतपणे टीव्ही बघत बसली.

सुट्टीच्या दिवशी अर्धं खमीर बेकरीतच राहतं, अर्धं मावशी घरी आणते. माहेरपणाला आलंय, असं आम्ही म्हणतो. त्याच सुट्टीत तिने नमुना घेतला. दवाखान्याचं नाव असलेली डबी कोणी पाहिली तर काय म्हणेल, म्हणून तिने ती आमच्याच एका पांढऱ्या डब्यात घातली आणि फ्रिजमध्ये खमिराशेजारी ठेवून दिली. आता काय म्हणावं या बाईला! दुसऱ्या दिवशी माझ्या हातात एक डबा दिला. "जाता जाता दवाखान्यात दे. आणि उघडलास तर याद राख." मी कशाला उघडतेय? दिला आणि बेकरीत आले.

टेबलाभोवती सगळे उभे होते. सरकारने घरून आणलेला डबा पुढे ओढला, डोळे मिटले, झाकण काढलं. आतल्या डबीचं आट्यांचं झाकण तिच्या त्या हाताला नीट फिरवता आलं नव्हतं, ते नुसतं वर टेकलेलं होतं. भट्टीवाला दोन पावलं मागे गेला. कणीक मळणाऱ्याने नाकाला बाही लावली. मी हात पुढे करेपर्यंत उशीर झाला होता.

सरकारने नाक आत घातलं. लांब श्वास घेतला. आणि नेहमीच्या ठसक्यात म्हणाली, "जमलंय."

कोणी हललं नाही. तिने डोळे उघडले. आधी आमची तोंडं पाहिली, मग डबा.

"तुला येतोय वास?" तिने मला विचारलं.

"येतोय."

"खूप?"

"खूप, मावशी."

ती पिठाच्या पोत्यावर बसली. इतकी लहान दिसली मला, की मी तिला धरून रडायलाच लागले. ती रडली नाही. नाकाला बोट लावून बसून राहिली.

तेवढ्यात काउंटरवरचा फोन वाजला. दवाखान्यातली सिस्टर होती. "अहो, तुमच्या डब्याचं झाकण उडालंय. टेबलभर फेस आलाय आणि सगळीकडे आंबवलेल्या पिठाचा वास सुटलाय. पेशंट खातात तरी काय?"

मी ते जसंच्या तसं सांगितलं. सरकारचे खांदे हलायला लागले आणि ती हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "चला, तिकडे तरी कोणाला वास आला," म्हणाली. "त्या डॉक्टर पोरीला सांग, येतेय म्हणावं. कार्ड तयार ठेव म्हणावं."

त्या दिवशी आम्ही पाव केले नाहीत. डबा फेकला, उकळत्या पाण्याने टेबल दोनदा घासलं. दवाखान्यातलं खमीरही गेलं. बेकरीतलं अर्धं होतं म्हणून आजीची कमाई वाचली.

आता मावशी वेळेवर गोळ्या घेते, पाणी पिते, भाज्या खाते, तरातरा चालायला जाते. हात पूर्ण थांबलेला नाही, पण कणीस पुन्हा कणसासारखं दिसतं. दुसरा नमुनाही रीतसर पोचला, त्या डबीचं झाकण मी लावलं. डॉक्टरीणबाईंना ती दर वेळी दटावते, "आधी जंतू की आधी आजार, ठरलं का नाही अजून? पाहिजे तितक्या डब्या देते, पण शोधा की!" गिऱ्हाइकांनाही सांगते, पोटात एक खमिराचा डबा प्रत्येकाच्याच असतो, त्याची आबाळ करू नका.

आणि सकाळी ती डबा उघडते, तो माझ्या नाकाखाली धरते. डोळे मी मिटायचे.

"बोल."

"पिकल्या सफरचंदाचा. मागून जरा आंबूस."

"आंबूस म्हणजे दह्यासारखं का व्हिनेगरसारखं? नीट सांग."

"दह्यासारखं."

"मग जमलंय. पाणी जरा कमी घाला रे!" सगळे कामाला लागतात. तिचा निकाल एकदाही चुकलेला नाही.

काल मी झाकण लावायला गेले तर तिने माझा हात धरला. "थांब, आणखी एकदा घे वास," म्हणाली. "माझ्या आईच्या हातांना हाच वास यायचा. आहे ना अजून तसाच?"

मी आजीला कधी पाहिलेलं नाही. पण लहानपणी मला कुशीत घेऊन झोपवायची ती मावशीच, आणि तिच्या हातांचा वास मला पाठ आहे.

"आहे," मी म्हणाले. "अगदी तसाच आहे."