झिंग्यांची साक्ष

आमच्या अध्यक्षांचा निकाल आधी लागायचा, चौकशी मागाहून. चिमूरकडच्या एका ढिवर वस्तीत मच्छीमारांची संस्था होती, तिचे ते अध्यक्ष. मी तेव्हा चिमूरच्या कॉलेजात नव्यानेच प्राणिशास्त्र शिकवत होते. तलावातले किडे गोळा करायला गेले, तर नाव विचारायच्या आत त्यांनी माझा निकाल लावला, "म्याडम, तुमाले पोहता येत नाई. डोंग्यात मधातच बसा." आणि खरंच येत नव्हतं!

जाळं टाकण्याआधी ते ओंजळभर पाणी तोंडात घोळवून थुंकायचे. "गोड हाय," म्हणाले की डोंगा सुटायचा. तलाव जंगलात, टेकडीच्या पायथ्याशी. एकाही शेताचं पाणी त्यात उतरत नव्हतं. त्यांना त्याचा भारी अभिमान.

एका श्रावणात, पावसाची उघडीप असताना, काठाला मेलेल्या झिंग्यांचा, म्हणजे बारीक कोळंबीचा, थर लागला. अध्यक्षांनी पाणी चाखलं आणि जागच्या जागी ओरडले, "टोल्यावाल्यायनं साल कुटली!" पलीकडच्या काठावर गोंडांचा टोला, म्हणजे पाडा होता. ते लोक झाडाची साल कुटून नाल्याच्या डोहात टाकत, मासे गुंगून वर येत. त्याच दिवशी अध्यक्षांनी टोल्याला तलावात बंदी केली, त्यांची जाळीही उचलून आणली. टोल्यावरची सोमीबाई तरातरा आली. "डोहात टाकतो आमी. तलावात काऊन टाकू? थेच पाणी पितो नं आमी!" अध्यक्ष तिच्यावर खेकसले खरे, पण तिचं बोलणं त्यांना लागलं असावं.

कारण दुसऱ्या दिवशी ते मेलेल्या झिंग्यांची बाटली घेऊन सायकलनं थेट माझ्या प्रयोगशाळेत! मी म्हटलं, "सालीनं आधी मासे गुंगले असते. तुम्ही सांगता मासे धड आहेत, झिंगे आणि किडेच मेलेत. हे फवारणीचं औषध वाटतं."

"फवारणी? तिथी वावर कुठी हाय? दोन कोसावर हायेत वावरं, मावळतीले." बोलता बोलता ते थबकले. "अन् वारा तिकडूनच येऊन राह्यला, म्याडम!"

मी आनंदानं टेबलावर हात आपटला. पुढची युक्ती मात्र सगळी त्यांची. दोन माठ, दोन्हींत विहिरीचं पाणी आणि दुसऱ्या तलावातले वीस-वीस जिवंत झिंगे. एकाच्या तोंडावर लुगड्याचे चार पदर बांधलेले, दुसरा उघडा. दोन्ही माठ तलावातल्या खुंटांवर ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही डोंगा हाकत तिथे गेलो. झाकलेल्या माठात झिंगे टणाटण उड्या मारत होते. उघड्यातले सारे उताणे!

मी ओरडलेच. अध्यक्ष म्हणाले, "पुन्हा करा." हे त्यांच्या तोंडून! तीनदा केलं. तीनदा तेच. वारा फिरला त्या दिवशी दोन्ही माठांतले झिंगे जिवंत राहिले.

मग त्यांनी जाळी डोक्यावर घेतली आणि टोल्यावर गेले. सगळ्यांसमोर म्हणाले, "साल तुमची नोती. जहर हवेतून आलं. म्या तुमच्यावर आळ घेतला, मले माफ करा." सोमीबाई पुढे झाली. जाळं उचलून तलावाकडे चालू लागली, मागोमाग सगळा टोला. अध्यक्ष लहान पोरासारखे रडले.

वाऱ्यावर बंदी घालता येईना, म्हणून पुढची कित्येक वर्षं ते वावरावावरात फिरले. "वारा जंगलाकडं असन तं दोन दिस थांबा नं, बाप्पा." काही थांबले, काही हसले. मी पुढे पुष्कळ शिकलेली माणसं पाहिली. स्वतःला खोटं ठरवायला एवढ्या हौसेनं धावणारा दुसरा माणूस पाहिला नाही.

अध्यक्ष गेल्याचा निरोप आला तेव्हा मी नागपूरला होते. पोचले तोवर तिरडी निघाली होती. पुढच्या दोन खांदेकऱ्यांत एक सोमीबाईचा मुलगा होता.