साखराबाईनं लपवलेली धडधड

साखराबाईचं सारं आयुष्य मेंढरांमागं चालण्यात गेलं. म्हातारपणी ती नवीन जालन्यात लेकाकडं, रामप्रसादकडं राहायला आली आणि तिथं तिला साखरेचा आजार निघाला. "नावातच व्हती, मंग जाईल कुठं?" असं ती स्वतःच हसून सांगायची. पण तळपायांची आग सुरू झाली आणि हसू मावळलं. निखाऱ्यावर पाय ठेवल्यासारखं व्हायचं. रात्र रात्र ती ओल्या फरशीवर तळवे टेकवून बसायची.

डॉक्टरांनी झोपताना घ्यायची एक गोळी दिली. आठवड्याभरात आग निवली. किती दिवसांनी म्हातारी गाढ झोपली! सकाळी देवाला हात जोडले की ती गोळ्यांच्या पाकिटालाही जोडायची.

मग छातीत धडधड सुरू झाली. मधेच ठोका चुकायचा, डोळ्यांपुढं अंधारी यायची. हे गोळीनंच होतंय, असा तिला संशय होता. पण सांगितलं तर गोळी बंद होईल, म्हणून ती गप्प राहिली.

एके सकाळी भाकरी थापता थापता ती परातीवरच कलंडली. सून प्रेमलानं तिला सावरलं आणि रिक्षात घालून दवाखाना गाठला.

"आधी कधी असं झालं होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"न्हाई, बिलकुल न्हाई."

"खोटं सांगून राह्यल्या त्या," प्रेमला म्हणाली. "लई दिसांपासून छाती धरून बसत्यात. म्या पाह्यलंय."

सासूनं डोळे वटारले, पण प्रेमला हटली नाही.

डॉक्टरांनी छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली. ठोके वेडेवाकडे पडत होते. "ही गोळी बऱ्याच जणांना मानवते, तुमच्या हृदयाला झेपली नाही," ते म्हणाले. "द्यायच्या आधीच मी पट्टी काढायला हवी होती." त्यांनी तिला ठेवून घेतलं आणि गोळी बदलली.

घरी आल्यावर साखराबाईनं सुनेशी अबोला धरला. नव्या गोळीनं आग सगळी गेली नव्हती ना! प्रेमला मात्र रोज संध्याकाळी तिचे पाय मांडीवर घ्यायची, कुठं फोड-जखम नाही ना ते पाहायची, खोबरेल चोळायची. हळूहळू ठोके ताळ्यावर आले. आग सोसण्याइतकीच उरली.

शेजारची सोनूबाई भेटायला आली. "लेकानं वेळेवर नेलं म्हणून बरं," ती म्हणाली.

"लेक कामाला गेल्ता," साखराबाई म्हणाली. "हिनं नेलं. डॉक्टरपुढं मला खोटं पाडलं, म्हणून जित्ती हाय मी. लई उपकार हायेत बाई हिचे."

प्रेमला लाजून चहा टाकायला उठली. सासूनं तिचा हात धरला.

"बस तू. चहा मी टाकते."