दाजी आणि आवाजाची एक चक्कर

जगातला कुठलाही आवाज शेवटपर्यंत ऐकून घ्यायची गरज नसते, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी पाहिला आहे, आणि तो माझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीचा नवरा आहे. आमचे दाजी. रेल्वेच्या सिग्नल खात्यात सगळी नोकरी पूर्णा जंक्शनवर काढून ते निवृत्त झाले, तेव्हा लोकांना वाटलं, आता हा माणूस शांत बसेल. दाजी शांत बसले, पण इतरांना शांत बसवायला लागले. घरात पाऊल टाकलं की ते ओठांवर बोट ठेवतात. आपण काही विचारणार, इतक्यात कळतं की समोर मिक्सर चालू आहे, त्याच्या शेजारी फोन ठेवलेला आहे आणि आपली "कसे आहात" ही चौकशी त्यात मिसळता कामा नये.

दाजींचं म्हणणं असं. आवाज म्हणजे एक बारकी लाट असते, तीच पुन्हा पुन्हा येत राहते. गिरणी दिवसभर घूं करते, पण तो आवाज लॅपटॉपच्या पडद्यावर मोठा करून पाहिला तर एक टेकडी आणि एक खड्डा, मग परत तीच टेकडी आणि तोच खड्डा. ती एकच लाट कापून घ्यायची, लॅपटॉपमधल्या सिंथ नावाच्या वाद्याच्या हवाली करायची आणि जोडलेल्या कीबोर्डच्या पट्ट्या दाबायच्या. गिरणी सारेगम म्हणायला लागते. या एका लाटेला दाजी ‘चक्कर’ म्हणतात. "मेव्हणीबाई, ह्या एका चकरंत अख्खी गिरणी हाय," असं त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा मी दळणाचा डबा घेऊनच उभी होते आणि मला पीठ हवं होतं.

कापायचं काम मात्र पाहण्यासारखं. चष्मा कपाळावर, नाक पडद्याला टेकलेलं. नागमोडी रेघ मधल्या आडव्या ओळीतून जिथं वर चढते तिथं पहिला काप, पुन्हा तशीच वर चढते तिथं दुसरा. केसभर चूक झाली तर प्रत्येक फेऱ्याला सांध्यावर ‘टक्’ होतं, आणि रुळाचे सांधे ऐकत आयुष्य घालवलेल्या माणसाला ते टक् सहन होत नाही. जेवताना मध्येच ताटावरून उठून त्यांनी एक टक् दुरुस्त केलेलं मी पाहिलं आहे. पुढे रेघेच्या त्या तुकड्यात बरोबर दोन हजार अठ्ठेचाळीस ठिपके बसवायचे, कारण त्यांच्या सिंथला तेवढेच लागतात. एक कमी नको, एक जास्त नको. मी म्हणाले, "दाजी, इतकं नखरेल वाद्य कशाला घेतलं?" तर म्हणाले, "नखरेल न्हाई. आपल्या मोठ्या सायबावानी हाय. अर्ज त्याच्याच नमुन्यात पायजे."

या नादात त्यांनी कुणाला सोडलं नाही. सेलूला एका नातेवाइकाकडे साखरपुड्याला गेले आणि जिनिंगमध्ये सरकी वेगळी करणाऱ्या यंत्राजवळ दीड तास उभे राहिले. परत आले तेव्हा डोक्यावर, मिशांवर कापूस, आणि मुलीकडच्यांनी विचारलं की हे पाव्हणे कामाला कुठं असतात. माझ्या बहिणीचे, म्हणजे अक्काचे, चुलतसासरे मुक्कामाला आले, त्यांचं दुपारचं घोरणं टिपून त्यांच्याच पणतीच्या बारशाला दाजींनी पाळण्याची चाल वाजवली. म्हातारबाबा कौतुकानं मान डोलवत होते. "सनई हाय का ही?" त्यांनी विचारलं. दाजी म्हणाले, "तुमचीच कृपा हाय, बाबा." आणि एकदा नांदेडला लग्नाला जाताना गाडी क्रॉसिंगसाठी चुडाव्याला थांबली, तर दाजी खाली उतरले. फलाटावरच्या जुन्या पंख्याचा सूर त्यांना फार दिवसांपासून हवा होता. सूर मिळाला, गाडी गेली. गाडीत अक्का, आणि आहेराची साडी दाजींच्या खांद्यावरच्या पिशवीत. अक्का लग्नात रिकाम्या हातानं दीड तास ओळखीचं हसत बसली. दाजी मागच्या गाडीनं आले ते फोन तिच्या कानाला लावूनच. "ऐक की, पंखा हाय पण रडायलाय!" अक्का म्हणाली, "घरी चला, मग कोण रडतंय ते बगू."

आता अक्काबद्दल सांगायला हवं. माझी बहीण गाते. शिकलेली नाही, पण आमच्या विहारात पौर्णिमेला वंदना झाली की बुद्धगीतं तिनंच सुरू करायची आणि बाकीच्या बायांनी मागून उचलायची, हे मी शाळेत होते तेव्हापासून ठरलेलं आहे. तिचा वरचा सूर लागला की मागच्या रांगेतल्या गप्पा बंद होत. गेल्या हिवाळ्यात दाजींनी तिलाही फोनसमोर बसवलं. मी तिथंच मेथी निवडत होते. त्यांना हवा होता फक्त एक चांगला ‘आ’. अक्का म्हणाली, नुसतं आ करायला मी काय दवाखान्यात आले का, आणि तिनं ओळीनं सगळी गाणी म्हटली. मधे कुकरच्या शिट्ट्या, मधे दाजींना टोमणे. पाऊण तासाच्या त्या गाण्यातून दाजींनी एक चक्कर कापली आणि तिला नाव दिलं ‘अक्का’.

त्यानंतर जे झालं त्यात माझा हात आहे. दाजींचा फोन आणि लॅपटॉप दोन्ही भरले होते. मला पसारा बघवत नाही. मी वही काढली आणि रकाने आखले. आवाजाचं नाव, चक्कर काढली का, मूळ रेकॉर्डिंग पुसलं का. दाजींना ही पद्धत इतकी आवडली की त्यांनी मला चहा करून दिला. एका रविवारी आम्ही दोघांनी मिळून सगळं साफ केलं. ते पुसत गेले, मी बरोबरच्या खुणा करत गेले. गिरणी, पंखा, जिनिंग, घोरणं, अक्का. चक्कर आहे म्हटल्यावर बाकीचं ठेवायचं कशाला, यावर आमचं पूर्ण एकमत होतं.

दोन महिन्यांनी अक्काच्या गळ्याला गाठ निघाली. ऑपरेशन नांदेडला झालं. मी रिपोर्ट, थर्मास, पंचा अशी यादी केली आणि सगळ्यात खाली ‘दाजींनी दवाखान्यात काहीही रेकॉर्ड करायचं नाही’ असंही लिहिलं. त्यांनी ते निमूटपणे पाळलं, तेव्हाच मला त्यांची काळजी वाटली. गाठ साधी निघाली. पण आवाज बसला. डॉक्टर म्हणाले, थोडा सुधारेल, पहिल्यासारखा होईलच असं सांगता येत नाही. अक्का घोगरं बोलायची, लवकर दमायची, आणि पौर्णिमेला "तुमी व्हा म्होरं" म्हणून घरीच राहायची.

दाजींनी ‘अक्का’ नावाची ती चक्कर उघडली आणि तीन आठवडे तिच्यापुढून हलले नाहीत. सुराची सुरुवात हळू केली, शेवट हळू केला, थोडा कंप घातला. मग एका दुपारी आम्हा दोघींना बोलावून तिचं नेहमीचं गाणं वाजवलं. सूर बिनचूक होते. कुठं टक् नव्हतं. अक्का ओले हात पदराला पुसत दारात उभी राहून ऐकत होती.

"कोण हाय ही?" तिनं विचारलं.

"तूच की," दाजी म्हणाले.

"मी न्हाई. मी अशी गात नव्हते." तिनं आणखी एक ओळ ऐकली. "अवो, ही बाई दम कुठं घेते?"

दाजींनी पट्टीवरचं बोट उचललं. मग माझ्याकडं न पाहता म्हणाले, "मेव्हणीबाई, वहीत बगा बरं. मूळचं पुसलंय का?"

बघायची गरज नव्हती. फोनमध्ये कार्यक्रमाचे व्हिडिओ होते, पण त्यांत ढोलकी होती आणि पोरांचा गलका होता. मी म्हणाले, "दाजी, माझं चुकलं. मीच पुसा म्हणाले होते."

"तुमी म्हणलाव, पण मला पटलं ना," ते म्हणाले. "मला वाटलं, एक चक्कर हाय म्हंजी समदं हाय."

अक्का आत गेली. भांड्यांचा आवाज आला. एरवी दाजींनी त्या आवाजाकडं कान दिला असता.

चार-पाच दिवसांनी मी गेले, तर अक्का त्यांच्या शेजारी पाटावर बसलेली. तिनंच विचारलं होतं म्हणे, "तो आवाज खाली येतोय का?" दाजी म्हणाले, कितीबी खाली. "मग आणा की. मला वर जमत न्हाई." दाजी एकेक पट्टी उतरत गेले. नुसता एक सूर, गाणं नाही, कंप नाही. अक्का डोळे मिटून घोगऱ्या गळ्यानं तो धरायला बघायची आणि मान हलवायची. "अजून खाली. अजून. थांबा." त्या ठिकाणी तिचा आवाज जुळला. बाईचा म्हणावा असा तो सूर नव्हता, पण तिचा होता.

वैशाख पौर्णिमेला वंदना झाल्यावर अक्का पुढे बसली. शेजारी दाजी, समोर लॅपटॉप, मांडीवर कीबोर्ड, एक बोट एका पट्टीवर. बायांना इतक्या खाली गायची सवय नव्हती. दोघीतिघी वर गेल्या आणि परत आल्या. अक्काला आता ओळ एका दमात पुरी होत नाही. शब्दाच्या मध्येच ती थांबायची, श्वास घ्यायची. पूर्वी तिनं असं कधी केलं नव्हतं, त्यामुळं पहिल्या वेळी सगळ्यांनी माना वर केल्या. पण तिचाच हिवाळ्यातला सूर खाली चालू होता. त्याला दम घ्यायचा नसतो. ती थांबली की तो तिची जागा धरून ठेवायचा, आणि ती परत यायची तेव्हा जिथं सोडलं होतं तिथंच असायचा.

तेव्हापासून दर पौर्णिमेला असंच चालतं. गाणं संपतं, बाया उठायला लागतात, चपला शोधतात, तरी दाजी पट्टीवरचं बोट लगेच काढत नाहीत. अक्काचा पुढचा श्वास झाला, हे एकदा नीट ऐकतात, आणि मग काढतात.